जहाजाची यादी सोडा, जमिनीचे कागद काढा: वसाहतकाळातला आयरिश पूर्वज कसा शोधावा

१७२७ पासून अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया बंदरात उतरणाऱ्या जर्मन पुरुषांकडून ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली जाई आणि त्यांच्या नावांच्या याद्या होत. त्या याद्या आजही वाचता येतात. आयर्लंडहून आलेला माणूस मुळातच त्या राजाची प्रजा. त्याला शपथ नाही, अर्ज नाही. जहाजातून उतरायचं आणि वाट धरायची. प्रवाशांच्या सरकारी याद्या सुरू झाल्या त्या थेट १८२० साली. म्हणून १७४०च्या सुमारास आलेल्या आयरिश पूर्वजाचं जहाज शोधण्यात महिने घालवू नयेत. त्याचं नाव कागदावर चढतं ते बहुधा जमिनीमुळे, आणि आयर्लंडमधलं गाव सापडलंच तर तेही पुष्कळदा जमिनीच्याच एखाद्या दस्तात.

अमेरिकेतल्या काही मराठी घरांत आयरिश वंशाचे जावई-सुना आहेत आणि नातवंडांच्या वंशवृक्षाची एक फांदी तिकडे जाते. ज्यांनी सातबारा, फेरफार आणि जुनी खरेदीखतं चाळली आहेत त्यांना हे काम परकं वाटणार नाही. चतुःसीमा, हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र, वारसांची भांडणं हे सगळं इथेही आहे.

आधी काउंटी, मग माणूस

ज्या वंशजाबद्दल खात्री आहे त्याच्यापासून मागे जायचं. आयर्लंडमधून एखादं आडनाव उचलून पुढे येण्याचा प्रयत्न हमखास चुकीच्या घरात नेतो. एका तक्त्यात प्रत्येक कागदाची तारीख, काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा), ओढ्याचं नाव, शेजारी, साक्षीदार आणि बायकोचं नाव लिहीत जा. यांतलं ओढ्याचं नाव सर्वांत मोलाचं, कारण काउंट्या फुटतात, टाउनशिपांची नावं बदलतात, ओढा मात्र बहुधा त्याच नावाने वाहत असतो.

काउंटी फुटली तरी जुने कागद मूळ काउंटीकडेच राहतात, ही गोष्ट विसरल्याने निम्मे शोध अडतात. पेनसिल्व्हेनियात १७२९ मध्ये चेस्टरमधून लँकेस्टर निघाली आणि १७५० मध्ये लँकेस्टरमधून कंबरलँड. कंबरलँडमधल्या शेतकऱ्याचे १७४५ चे कागद म्हणून लँकेस्टरला पाहायचे. व्हर्जिनियातली ऑगस्टा काउंटी कायद्याने १७३८ मध्ये झाली, पण तिचं न्यायालय बसलं १७४५ मध्ये. मधल्या वर्षांचं सगळं ऑरेंज काउंटीत. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या बदलत्या सीमांचे तारीखवार नकाशे इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. आधी ते उघडा, मगच नाव शोधा.

माग लावण्याची दिशाही ठरलेली आहे. वसाहतकाळात आलेले आणि स्वतःची जमीन केलेले आयरिश लोक मोठ्या संख्येने अल्स्टरचे, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांतातले, प्रेस्बिटेरियन पंथाचे प्रॉटेस्टंट होते. पेनसिल्व्हेनियातून ग्रेट वॅगन रोडने शेनँडोआ खोऱ्यात आणि तिथून कॅरोलिनांत उतरण्याचा त्यांचा रस्ता ठरल्यासारखा होता. नॉर्थ कॅरोलिनात १७५५ ला उगवलेला माणूस आधी ऑगस्टा किंवा लँकेस्टरमध्ये होता का, हे पाहिलंच पाहिजे.

पेनसिल्व्हेनिया: पेटंट शेवटी, खरा माल आधी

इथे जमीन पेन घराण्याची. कागद पाच टप्प्यांनी होत: अर्ज, मोजणीचा हुकूम म्हणजे वॉरंट, प्रत्यक्ष मोजणी, मोजणीचा अहवाल म्हणजे रिटर्न, आणि पूर्ण पैसे भरल्यावर मालकीचं पेटंट. १७३२ पासूनचा दर शंभर एकरांना १५ पौंड १० शिलिंग, शिवाय वर्षाला एकरी अर्धा पेनी क्विटरेंट, म्हणजे सारा. नुकत्या आलेल्या कुटुंबाकडे इतके पैसे कुठून असणार? म्हणून लोक आधी झाडं तोडून वस्ती करत आणि वॉरंट सवडीने, कधी सात-आठ वर्षांनी घेत.

हीच गोष्ट शोधणाऱ्याच्या फायद्याची. आधीपासून कसलेल्या जमिनीचं वॉरंट देताना लँड ऑफिस व्याज आणि क्विटरेंट वस्तीच्या तारखेपासून लावत असे आणि ती तारीख वॉरंटात लिही. समजा वॉरंट १७४३ चं आहे आणि आत व्याज १ एप्रिल १७३७ पासून असं म्हटलंय. तर तो माणूस १७३७ च्या वसंतात त्या जागी होता, म्हणजे कुटुंब तुमच्या समजुतीपेक्षा सहा वर्षं आधी तिथे आलं होतं. वॉरंटच्या नुसत्या सूचीत ही तारीख दिसत नाही. मूळ वॉरंटची प्रतिमा किंवा नक्कल काढावी लागते. ते पैसे वाचवू नका.

हॅरिसबर्गच्या पेनसिल्व्हेनिया स्टेट आर्काइव्हजची वॉरंट रजिस्टरं इंटरनेटवर आहेत. मांडणी काउंटीवार, त्यात आडनावाच्या पहिल्या अक्षराने, आणि त्या अक्षराखाली तारखेने. म्हणजे ‘मॅक’ने सुरू होणारी सगळी आडनावं ‘एम’च्या पानांत विखुरलेली असतात, ती पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. एका ओळीत वॉरंटदाराचं नाव, एकर, वॉरंटची तारीख, रिटर्नची तारीख, पेटंट कोणाच्या नावाने झालं, आणि मोजणीचा नकाशा कोणत्या सर्व्हे बुकच्या कोणत्या पानावर आहे हे मिळतं.

नवखे इथे हमखास अडखळतात. ते पूर्वजाचं नाव पेटंटच्या सूचीत शोधतात, सापडत नाही, आणि त्याची जमीन नव्हती असं ठरवून टाकतात. वॉरंटदार आणि पेटंटदार एकच असतील असं नाही. मधे जमीन दोन-तीनदा हात बदले आणि पेटंट कधी पन्नास वर्षांनी तिसऱ्याच माणसाच्या नावाने निघे. त्यामुळे शोध वॉरंटपासून करायचा आणि पेटंटचं नाव दिसलं की मधले मालक खरेदीखतांतून जोडायचे. ती साखळी जोडताना जावई हाती लागतात.

सर्व्हे बुकातला नकाशा उघडा. चारही बाजूंना शेजाऱ्यांची नावं लिहिलेली असतात. ती सगळी तक्त्यात उतरवा आणि त्या प्रत्येकाचं वॉरंटही काढा. आयर्लंडच्या एकाच भागातली कुटुंबं जवळजवळ जमिनी घेत, त्यामुळे पूर्वजाचं गाव शेजाऱ्याच्या कागदातून कळण्याची शक्यता त्याच्या स्वतःच्या कागदापेक्षा कमी नसते. एकर थोडे जास्त दिसले तर गोंधळू नका. रस्ते वगैरेंसाठी सहा टक्के वाढीव जमीन मिळत असे.

वॉरंटच नसेल तर आणखी दोन ठिकाणं. सस्केहॅना नदीच्या पश्चिमेला वस्ती करणाऱ्यांना पेन घराण्याच्या वतीने सॅम्युएल ब्लनस्टनने १७३४ ते १७३७ या काळात परवाने दिले होते. त्या नोंदी वेगळ्या आहेत. आणि १७६५ ते १७६९ मध्ये वॉरंटाऐवजी नुसत्या अर्जांवर जमीन दिली गेली, त्यांची रजिस्टरं नदीच्या पूर्वेची, पश्चिमेची आणि १७६८ च्या नव्या खरेदीतल्या प्रदेशाची अशी निराळी आहेत.

डोनेगाल, ड्रमोर, डेरी, अँट्रिम, लेटरकेनी, टायरोन, फरमॅना ही सगळी पेनसिल्व्हेनियातल्या टाउनशिपांची नावं आहेत. त्यांवरून पूर्वज त्या त्या आयरिश भागातला असं कोणी लिहिलं असेल तर ते पुसून टाका. नाव ठेवणारा वेगळा, राहणारा वेगळा.

व्हर्जिनिया

सतराव्या शतकातल्या व्हर्जिनियात माणूस आणला की माणशी पन्नास एकरांचा हक्क मिळे. पेटंटात त्या आणलेल्या माणसांची नावं असतात आणि करारबद्ध आयरिश नोकर तिथे सापडतो. पण ती तारीख हक्क वापरल्याची, येण्याची नव्हे. मधे वर्षं गेलेली असू शकतात. हे हक्क विकले जात, आणि एकच माणूस दोन-दोन पेटंटांत मोजलेला सापडतो. जमीन आणणाऱ्याची, नाव आणलेल्याचं, हे कायम ध्यानात ठेवा.

अठराव्या शतकातल्या अल्स्टरकरांसाठी १७४० च्या आसपासची ऑरेंज काउंटीच्या न्यायालयाची ऑर्डर बुकं पाहावीत. हा हक्क मिळवायला माणूस न्यायालयात उभा राहून शपथेवर सांगे की मी, माझी बायको आणि ही ही मुलं आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आणि तिथून या वसाहतीत स्वतःच्या खर्चाने आलो. बायको-मुलांच्या नावांसकट, वाटेतल्या बंदरासकट. एवढं एका ओळीत दुसरा कुठलाही जमिनीचा कागद देत नाही. ही पुस्तकं दिवाणी दाव्यांनी भरलेली असल्याने लोक ती उघडत नाहीत, एवढंच.

व्हर्जिनियाची पेटंटं रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. त्यात नाव नसेल तर तीन गोष्टी तपासा. विल्यम बेव्हर्लीच्या १,१८,४९१ एकरांच्या मॅनरमध्ये, म्हणजे जहागिरीत, किंवा बेंजामिन बॉर्डनच्या ९२,१०० एकरांच्या पट्ट्यात जमीन घेतलेल्याला सरकारी पेटंट नसतं. त्याला बेव्हर्ली किंवा बॉर्डनकडून खरेदीखत मिळतं, आणि ते काउंटीच्या डीड बुकात, म्हणजे दस्तांच्या नोंदवहीत, असतं. नॉर्दर्न नेक भागात जमीन लॉर्ड फेअरफॅक्सच्या कचेरीतून जाई. तिची पुस्तकं वेगळी. आणि काही जण केवळ कूळ होते.

कॅरोलिना आणि बाकीच्या वसाहती

साउथ कॅरोलिनाने १७६१ च्या कायद्याने गरीब प्रॉटेस्टंट स्थलांतरितांचं जहाजभाडं सरकारी खर्चाने दिलं. ही योजना १७६८ मध्ये बंद पडली. या लोकांचे जमिनीचे अर्ज गव्हर्नरच्या कौन्सिलच्या कामकाजात नोंदलेले आहेत, आणि तिथे जहाजाचं नावसुद्धा सापडतं. सुरुवातीला जहाज विसरा म्हटलं त्याला हा मोठा अपवाद.

इथे एकरांवरून कुटुंब मोजता येतं. कुटुंबप्रमुखाला १००, बाकी प्रत्येक माणसाला ५०. म्हणजे ३५० एकर मिळाले असतील तर प्रमुख धरून सहा जणांचं घर. पण घरात गुलाम असतील तर तेही या हिशेबात धरले जात, त्यामुळे पाचही जणांना बायको-मुलं समजून वंशवृक्षात बसवू नका. एकट्याला १०० एकर मिळाले तर तो त्या वेळी बहुधा अविवाहित, आणि विवाहाची तारीख त्यानंतर शोधायची.

साउथ कॅरोलिनाचे मोजणी नकाशे कोलंबियाच्या राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत दिसतात. खरेदीखतं मात्र १७८५ पर्यंत सगळ्या वसाहतीची चार्ल्स्टनलाच नोंदली जात. दोनशे मैलांवरचा शेतकरी नोंदणीसाठी तिथवर जाण्यापेक्षा कागद पेटीत ठेवणं पसंत करे, म्हणून तिथले कित्येक व्यवहार नोंदलेच गेले नाहीत.

नॉर्थ कॅरोलिनाच्या उत्तरेकडचा अर्धा भाग १७४४ पासून अर्ल ग्रॅनव्हिलचा होता. १७६३ मध्ये तो वारला आणि जमीन देणारी कचेरी बंद पडली; राज्याची कचेरी उघडली १७७८ मध्ये. त्या पंधरा वर्षांत आलेल्या माणसाचा सरकारी कागद नसणं हे तो तिथे नसल्याचं लक्षण नव्हे. त्याला करपट्ट्यांत आणि शेजाऱ्यांच्या चतुःसीमेत शोधा. मोजणीच्या कागदांवर साखळी ओढणाऱ्यांची नावं असतात. हे बहुधा घरचे किंवा शेजारचे तरुण: मुलगा, मेव्हणा, पुतण्या. मजुराची नावं म्हणून ती ओलांडून जाऊ नका.

मेरीलँडमध्ये प्रत्येक तुकड्याला नाव असे आणि मालक बदलला तरी नाव टिके. तिथे माणसाऐवजी तुकड्याच्या नावाने रेंट रोल आणि डेट बुकं, म्हणजे साऱ्याच्या वह्या, चाळा. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँटमध्ये दस्त काउंटीत नसून गावात असतात. न्यू हॅम्पशायरच्या लंडनडेरीत १७१९ पासून अल्स्टरकर वसले. तिथे गावाच्या मूळ वाटेकऱ्यांच्या वह्या पाहायच्या. न्यूयॉर्कमध्ये बड्या जमीनदारांची कुळं होती, तिथे भाडेपट्टे शोधा.

खरेदीखत वाचताना

सूची दोन असतात, विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. दोन्ही पाहा, आणि मृत्यूनंतरची निदान तीस वर्षं पाहा. घेतानाचा दस्त बहुधा कोरडा असतो. विकतानाचा, आणि त्याहून वारसांनी विकतानाचा, बोलका. कारण जमीन आपल्याकडे कशी आली हे विकणाऱ्याला सांगावं लागतं: अमक्या तारखेच्या पेटंटाने अमक्याला मिळाली, त्याच्या मागे थोरला मुलगा म्हणून माझ्याकडे आली.

१७७६ पूर्वीच्या व्हर्जिनियात आणि कॅरोलिनांत मृत्युपत्र नसेल तर जमीन सगळी थोरल्याला जाई. बापाचं खरेदीखत नसताना एकच मुलगा विकत असेल तर तो थोरला, असं जवळपास धरून चालता येतं. पेनसिल्व्हेनियात सगळ्या मुलांना वाटा आणि थोरल्याला दुप्पट. वाटणीचा वाद ऑर्फन्स कोर्टात, म्हणजे मृताच्या मालमत्तेचं आणि अज्ञान वारसांचं काम पाहणाऱ्या न्यायालयात, जाई, आणि तिथे मुलींची लग्नानंतरची नावं नवऱ्यांसह मिळतात.

सलग दोन दिवसांचे, त्याच दोघांतले दोन दस्त दिसले की घाबरू नका. पहिल्यात एक वर्षाचा पट्टा पाच शिलिंगांना, दुसऱ्यात हक्क सोडल्याचा मजकूर आणि खरी किंमत. दोन्ही मिळून एकच विक्री. पहिलाच वाचून थांबलेल्यांनी आपल्या पूर्वजाला कूळ करून ठेवलेलं आहे.

डीड बुकात जमिनीखेरीज इतर कागदही नोंदले जात, आणि खरा खजिना तो. मुलाबाळांविना वारलेल्या भावाची मालमत्ता सोडवण्यासाठी आयर्लंडमधल्या भावंडांनी दिलेलं कुलमुखत्यारपत्र मिळालं तर त्यात ती कुठल्या गावची, कुठल्या काउंटीतली हे लिहिलेलं असतं. असा कागद पूर्वजाच्या नावाच्या सूचीत नसून भलत्याच्या नावाखाली असतो. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर २०२४ पासून हस्तलिखित दस्तांतला पूर्ण मजकूर शोधता येतो. मोफत खातं पुरतं. पूर्वजाचं आडनाव, काउंटीचं नाव आणि ‘आयर्लंड’ हा शब्द इंग्रजीत एकत्र टाकून पाहा. आडनाव ‘मॅक’सह, ‘मॅक’शिवाय, आणि ‘एम’नंतर ॲपॉस्ट्रॉफी (’) देऊन, अशा तिन्ही तऱ्हांनी टाका. यंत्राचं वाचन चुकतं, म्हणून मूळ पान डोळ्यांनी वाचल्याशिवाय काही उतरवू नका.

तारखांचं भान ठेवा. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदले, त्यामुळे ‘१० फेब्रुवारी १७३८’ म्हणजे आपल्या हिशेबाने १७३९. क्वेकर पंथीयांच्या कागदात तेव्हाचा पहिला महिना म्हणजे मार्च. नावांच्या लघुरूपांत ‘जे-एन-ओ’ म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे.

चतुःसीमा कागदावर मांडा

एकाच काउंटीत एकाच नावाचे तिघे असतील, आणि आयरिश आडनावांत ते असतातच, तर त्यांना वेगळं करण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे जमिनीचा आकार काढणं. लागतं काय? आलेखकागद, कोनमापक, पट्टी, ट्रेसिंग पेपर आणि १:२४,००० मापाचा अमेरिकन भूसर्वेक्षणाचा नकाशा.

पोल, पर्च आणि रॉड ही एकच लांबी, साडेसोळा फूट. चार पोलांची एक साखळी, ६६ फूट. १६० चौरस पोल म्हणजे एक एकर, आणि चार चौरस पोल म्हणजे बरोबर आपला एक गुंठा. १:२४,००० नकाशावर १०० पोल म्हणजे २१ मिलिमीटर.

दस्तात असेल: पांढऱ्या ओकपासून उत्तर ३५ अंश पूर्व १२० पोल, मग दक्षिण ५५ पूर्व १६०, मग दक्षिण ३५ पश्चिम १२०, मग उत्तर ५५ पश्चिम १६० पोल, मूळ जागी. पहिल्या रेषेसाठी उत्तरेकडे तोंड करून ३५ अंश पूर्वेकडे वळा आणि २५ मिलिमीटर रेघ ओढा. चारही ओढल्यावर आकृती बंद झाली पाहिजे. १२० गुणिले १६०, भागिले १६०, बरोबर १२० एकर. दस्तातल्या एकरांशी ताळा जमतो.

आकृती बंद झाली नाही तर दोष बहुधा नक्कल करणाऱ्या कारकुनाचा. त्याने पूर्वचं पश्चिम केलं असेल किंवा एक ओळ गाळली असेल. एकेका रेषेची दिशा उलटवून पाहा. तरी फट राहिली तर त्या फटीची लांबी आणि दिशा हीच गाळलेली ओळ. त्याच जमिनीचा आधीचा किंवा नंतरचा दस्त काढून खात्री करा. मग आकृती ट्रेसिंग पेपरवर कापून नकाशावरच्या ओढ्याशी जुळवा. थोडे अंश फिरवावी लागेल, कारण मोजणी चुंबकीय होकायंत्राने होई आणि चुंबकीय उत्तर तेव्हापासून सरकलेली आहे. शेजाऱ्यांचे तुकडेही काढून कडेला लावले की तीन जॉनपैकी कोणता कोणत्या ओढ्यावरचा हे दिसतं. सही न येणाऱ्यांची निशाणी हाही पुरावा. एक जण कायम फुली काढतो, दुसरा आडनावाचं पहिलं अक्षर. मात्र डीड बुकातली निशाणी कारकुनाने उतरवलेली असते, मूळ दस्त किंवा मृत्युपत्र मिळालं तरच तिच्यावर विसंबा.

समुद्रापलीकडे

आयर्लंडमध्ये साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. टाउनलँड म्हणजे तिथला जमिनीचा सर्वांत लहान, नाव असलेला भाग. नुसतं ‘काउंटी अँट्रिम’ हाती घेऊन तिकडे जाण्यात अर्थ नाही. निदान पॅरिश, म्हणजे चर्चच्या कारभाराचा विभाग, हवा. १९२२ च्या आगीत डब्लिनच्या सार्वजनिक अभिलेखागारातलं बरंच जळालं, पण डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवरची रजिस्ट्री ऑफ डीड्स वेगळ्या इमारतीत असल्याने वाचली, आणि तिथले दस्त १७०८ पासूनचे आहेत. सूची दोन: देणाऱ्याच्या नावाची आणि जागेची. घेणाऱ्याच्या नावाची सूची नाही. साधा शेतकरी देणारा क्वचितच असतो, आणि एकवीस वर्षांपर्यंतचे पट्टे नोंदण्याची गरज नव्हती. कॅथलिकांना तर १७०४ च्या कायद्याने जमीन विकत घेता येत नसे आणि एकतीस वर्षांपलीकडचा पट्टाही मिळत नसे. म्हणून जागेच्या सूचीत टाउनलँड काढा आणि १७१० ते १७७५ मधला त्या जागेचा प्रत्येक दस्त वाचा. पूर्वजाचं नाव सापडेल ते जमीनदाराच्या व्यवहारात: अमक्याच्या ताब्यातली जमीन म्हणून, ज्यांच्या हयातीवर पट्टा चालतो त्यांच्यातला एक म्हणून, किंवा खाली साक्षीदार म्हणून.